तीस सेकंदांत जिवंत होणारी सोंगटी

फुकटच्या खेळातून पैसा येतो तरी कुठून, हे मला नुकतंच उमगलंय आणि तेव्हापासून भेटेल त्याला मी हेच सांगत सुटलोय! टीव्ही सेंटरच्या चहाच्या टपरीवर सांगितलं, कॉलेजच्या स्टाफरूममध्ये सांगितलं, बारावीच्या वर्गात संभाव्यता शिकवताना तर अख्खा तास त्यातच गेला. खेळणाऱ्याने एक रुपया द्यायचा नाही, पैज नाही, कुणाच्या खिशाला चाट नाही, आणि तरीही खेळ रचणाऱ्याच्या बँक खात्यात रीतसर, आयकर विवरणपत्रात छाती पुढे काढून दाखवता येईल असा पैसा! आणि हे कॅलिफोर्नियात किंवा बंगळुरात बसून नव्हे. छत्रपती संभाजीनगरच्या सिडकोतल्या आमच्या ताईच्या घरी, जेवणाच्या टेबलावर, एका जुन्या लॅपटॉपवर.

करणारी माझी भाची. इथल्याच इंजिनिअरिंग कॉलेजात शेवटच्या वर्षाला आहे. तिने मोबाइलवर चल्लस आठ आणला. होय, तोच! पंचवीस घरांचा पट, चार कवड्या, चारही उपड्या पडल्या की आठ, चारही उताण्या पडल्या की चार, आणि फुलीच्या घरात सोंगटी मरत नाही तो. आमच्या लहानपणी कवड्या नसल्या तर फोडलेल्या चिंचोक्यांवर भागायचं आणि पट खडूने ओट्यावर काढला जायचा. गणिताचा मास्तर म्हणून मी तिला लगेच सांगितलं, चार कवड्यांचे सोळा प्रकार, आठाचं दान सोळांत एकदा. ती म्हणाली, "मामा, खरी कवडी दोन्ही बाजूंनी सारखी पडत नाही. तुम्ही टाकून बघा." आणि खरंच, तिने आजीच्या कवड्या पोत्यावर टाकून टाकून वहीत नोंदी ठेवल्या होत्या आणि त्या नोंदींवरून फोनमधल्या कवड्यांचं पडणं बसवलं होतं. म्हणून तिच्या खेळातलं दान हाताने टाकल्यासारखं वाटतं. या एका गोष्टीवरच मी फिदा झालो.

पण खरा चमत्कार पुढेच आहे. मी फोनशी खेळत होतो, माझी सोंगटी आतल्या घरांत शिरायला टेकली होती, आणि फोनने ती मारली. पडद्यावर खाली एक बटण आलं: जाहिरात पाहा, सोंगटी जिवंत करा. बाजूला तितकंच ठळक दुसरं बटण: राहू द्या. मी पहिलं दाबलं. कुठल्याशा मसाल्यांची जाहिरात लागली, पूर्ण पाहिली, आणि माझी सोंगटी होती त्या घरात परत उभी! मी खूश. भाची माझ्याहून खूश. म्हणाली, "आत्ता तुमच्याऐवजी मसालेवाल्याने मला पैसे दिले."

थांबा, हे नीट समजून घ्या, कारण सगळी गंमत इथे आहे. टीव्हीवर मालिका ऐन रंगात असताना जाहिरात येते तेव्हा आपण चॅनेल बदलतो. इथे जाहिरात माणसाने स्वतः मागून घेतलेली असते! त्याला काहीतरी हवं आहे, त्याची किंमत साधारण पंधरा ते तीस सेकंद आहे, ती आधीच सांगितलेली आहे, आणि नको असेल तर तो नाही म्हणू शकतो. जाहिरात शेवटपर्यंत चालली की जाहिरात पुरवणाऱ्या यंत्रणेकडून गेमला निरोप येतो, याने बक्षीस कमावलं, द्या. निरोप येईपर्यंत सोंगटी उठत नाही. अर्ध्यात बंद केली तर काही मिळत नाही. तिने मला कोडमधली ती जागा दाखवली. जेमतेम चार-पाच ओळी, आणि तेवढ्यावर सगळा व्यवहार उभा!

मग जाहिरात कुणाची दाखवायची हे ठरवतं कोण? लिलाव! जाधववाडीच्या बाजार समितीत सकाळी टोमॅटोच्या क्रेटभोवती व्यापारी बोली लावतात ना, तसाच. फक्त इथे क्रेट म्हणजे एका खेळाडूचं तीस सेकंदांचं लक्ष, आणि बोली आटोपते डोळ्याची पापणी लवायच्या आत. अशी बोली दर वेळी, दर माणसासाठी, नव्याने! गूगलची अ‍ॅडमॉब ही सेवा हे काम करते. ती 2006 मध्ये वेगळी कंपनी म्हणून सुरू झाली होती. नोव्हेंबर 2009 मध्ये गूगलने ती 75 कोटी डॉलरला घेत असल्याचं जाहीर केलं, तेव्हा माझ्या हातात बटणांचा फोन होता.

दर मोजतात हजारावर. समजा हजार वेळा जाहिरात दाखवली की एक डॉलर मिळतो. म्हणजे एका वेळेचे आठ-नऊ पैसे. ऐकायला किरकोळ वाटतं. पण रोज दहा हजार माणसं खेळली आणि प्रत्येकाने दोनदा सोंगटी जिवंत केली, तर वीस हजार जाहिराती, दिवसाला वीस डॉलर. गुणाकार तुम्हीच करा. दहा हजार माणसं रोज परत यावीत असा खेळ रचणं अवघड आहे, फार अवघड, आणि भारतातला दर अमेरिकेच्या मानाने बराच कमी आहे, हेही खरं. पण माझ्यासारख्याला भुरळ पडते ती यातल्या न्यायाची: खेळ चांगला असेल तरच माणूस परत येतो, आणि परत आला तरच पैसा.

आणि हे मोठ्या प्रमाणावर जमतं याचा पुरावा आपल्याच महाराष्ट्रात आहे. लुडो किंग! नवी मुंबईतली गेमेशन ही कंपनी, विकाश जयस्वाल यांची. 2016 मध्ये खेळ आला, आणि 2020 च्या लॉकडाऊनमध्ये दिवसाला पाच कोटींहून अधिक माणसं तो खेळत असल्याचं कंपनीने सांगितलं. आमच्या गल्लीत तर रात्री गच्चीगच्चीवरून सोंगट्या मारल्याच्या आरोळ्या यायच्या. पुण्याला अडकलेला मुलगा, इथे आई-वडील, अमेरिकेत बहीण, आणि चौघांचा एक पट. या सगळ्यांनी पैसे किती दिले? बहुतेकांनी शून्य. कंपनीचं उत्पन्न मुख्यतः जाहिरातींतून आलं. म्हणजे त्या भयाण दिवसांत कोट्यवधी घरांचा विरंगुळा साबणवाल्यांनी आणि बिस्किटवाल्यांनी चालवला!

पट मांडून बसण्याची हौस आपल्या मातीत किती जुनी आहे हे पाहायचं असेल तर इथून तासाभराच्या अंतरावर वेरूळला जा. कैलासाकडे सगळे धावतात. तुम्ही 21 क्रमांकाच्या रामेश्वर लेण्यात शिरा. शंकर-पार्वती फाशांचा डाव मांडून बसलेत. 14 क्रमांकाच्या लेण्यातही तोच प्रसंग कोरलाय. मी भाचीला मुद्दाम नेऊन दाखवला. तिने फोटो काढला आणि परतीच्या वाटेवर शूलिभंजनच्या डोंगराकडे बघत म्हणाली, पुढचा खेळ सारीपाट.

आता जाहिरातींच्या याच धंद्यातला दुसरा प्रकार. त्याला ऑफरवॉल म्हणतात. इथे एक जाहिरात न दाखवता कामांची यादीच मांडतात: अमुक अ‍ॅप घ्या आणि दहाव्या पातळीपर्यंत खेळा, तमुक सर्वेक्षण भरा, एखाद्या सेवेचा चाचणी महिना सुरू करा, आणि त्या बदल्यात खेळातली नाणी मिळवा. काम पुरं झालं तरच जाहिरातदार पैसे मोजतो, म्हणून एका कामाचा दर एका व्हिडिओच्या कितीतरी पट असतो. फेसबुकवर 2009 च्या जूनमध्ये फार्मव्हिल आला, लोक दिवसरात्र आभासी शेती करू लागले, आणि ज्यांना शेतासाठी खिशातले डॉलर घालायचे नव्हते ते अशी कामं करून नाणी मिळवू लागले. कल्पना किती सुंदर! पण तिथे घाण शिरली. बुद्ध्यंकाची चाचणी द्या, निकालासाठी मोबाइल नंबर टाका, आणि नंबर टाकला की दर महिन्याला बिलात भुर्दंड! 31 ऑक्टोबर 2009 रोजी मायकेल अ‍ॅरिंग्टन यांनी टेकक्रंच या तंत्रज्ञानविषयक संकेतस्थळावर हे सगळं चव्हाट्यावर मांडलं, आणि एकच गहजब झाला. फार्मव्हिलच्या झिंगा कंपनीने त्या ऑफर काढल्या, ऑफरपाल या बड्या ऑफरवाल्या कंपनीचा प्रमुख काही दिवसांत बदलला, आणि पुढे तीच कंपनी टॅपजॉय नावाने मोबाइलवर आली.

ही हकिकत मी भाचीला वाचून दाखवली तेव्हा तिने लगेच लॅपटॉप उघडून मला कुठल्या वर्गातल्या जाहिराती तिने आधीच बंद केल्यात ते दाखवलं. झटपट श्रीमंतीच्या, जुगाराच्या, डेटिंगच्या. मला ही गोष्ट तिच्या कवड्यांइतकीच आवडली. नियमांनीही बरंच आवळलंय: खेळ चालू असताना अचानक पूर्ण पडदा व्यापणारी जाहिरात टाकायला प्ले स्टोअरने 30 सप्टेंबर 2022 पासून मनाई केली. माणसाने स्वतः मागितलेली जाहिरात मात्र चालते. आणि अ‍ॅडमॉबवर बक्षीस म्हणून रोख पैसे द्यायचे नाहीत. नाणी द्या, जीव द्या, सोंगटी उठवा.

म्हणूनच एक गोष्ट ठासून सांगतो. जाहिराती बघा आणि पैसे कमवा, फक्त आधी थोडी रक्कम भरा, असा मेसेज आला तर तो शुद्ध फसवणुकीचा धंदा आहे. इथे कमावतो खेळ बनवणारा, आणि तो कुणाकडूनही ठेव मागत नाही. कुणी अडकलं असेल तर 1930 या सायबर हेल्पलाइनवर ताबडतोब फोन करा.

कायद्यानेही आता रेघ स्पष्ट ओढलीय. ऑनलाइन गेमिंगच्या प्रोत्साहन व नियमनाच्या कायद्याला 22 ऑगस्ट 2025 रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी, ते चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. आणि त्याच कायद्यात सोशल गेमची वेगळी व्याख्या आहे, पैज नसलेल्या, करमणुकीच्या खेळांची, आणि त्यांना उत्तेजन देण्याची तरतूदही. चल्लस आठ थेट त्या बाजूला बसतो. माझ्या ताईला सगळ्यात मोठा धीर आला तो हे ऐकून. तोवर तिला वाटत होतं की पोरगी काहीतरी जुगारी प्रकरणात पडली.

मुलांच्या खेळांबाबत मात्र फार जपून. 2023 च्या डेटा संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालच्या मुलांवर पाळत ठेवून त्यांना नेमून जाहिराती दाखवायला मनाई केलीय, आणि मला ते शंभर टक्के पटतं.

सुरुवात कशी करायची, असं मला सगळे विचारतात. प्ले स्टोअरवर खातं उघडायला एकदाच 25 डॉलर. नोव्हेंबर 2023 नंतर उघडलेलं वैयक्तिक खातं असेल तर खेळ सर्वांसाठी खुला करण्याआधी किमान बारा जणांनी सलग चौदा दिवस चाचणीत राहावं लागतं. भाचीने ते बारा जण औरंगपुऱ्यातल्या अभ्यासिकेतून गोळा केले. एमपीएससीची पोरं, रात्री अभ्यास संपला की दोन डाव. त्यांनीच सांगितलं की कवड्यांचा आवाज ओट्यावरचा नाही, फरशीवरचा वाटतो. तिने आवाज बदलला! स्वतःच्या खेळात चाचणीच्याच जाहिराती लावून बघायच्या. खऱ्या जाहिरातींवर स्वतः किंवा मित्रांकरवी बोटं मारून घेतलीत तर खातं बंद होऊ शकतं.

मग कमाई दहा डॉलरला पोचली की गूगल पत्त्याची खात्री करायला पोस्टाने पिन पाठवतं. चक्क पोस्टाने! पोस्टमनने ताईच्या दारात ते पाकीट दिलं, सहा आकडी पिन आत छापलेला, आणि आमच्या घरात जणू दहावीचा निकाल लागला. शंभर डॉलर जमले की पैसे बँकेत येतात. त्याआधी अमेरिकेच्या कराचा एक फॉर्म ऑनलाइन भरायचा, बँकेचा स्विफ्ट कोड द्यायचा. पैसे परदेशातून येतात म्हणून बँकेतल्या साहेबांनी विचारलं, कसले पैसे? तिने फोन पुढे केला. साहेबांनी काउंटरवरच एक डाव मांडला.

तेव्हा माझी विनंती ऐका. या शहरात इंजिनिअरिंगची कॉलेजं आहेत, विद्यापीठ आहे, नवउद्योजकांसाठी मॅजिकसारखी संस्था आहे, आणि प्रत्येक घरात एखादी आजी आहे जिला नवकंकरीचे, वाघबकरीचे, सारीपाटाचे नियम तोंडपाठ आहेत. ते नियम आजच लिहून घ्या. घरात पोरगं कोड लिहीत असेल तर त्याला पुण्याच्या नोकरीची घाई करू नका, 25 डॉलर द्या. आणि चाचणीसाठी बारा जण जमत नसतील तर बिनदिक्कत मला सांगा, मी येतो.