फिरकीचा धडा : ओझरच्या धावपट्टीमागचा एक जुना इतिहास (धागा)

१/ १७ ऑक्टोबर २०२५. नाशिकजवळच्या ओझर येथे हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात तयार झालेले पहिले 'तेजस मार्क १ ए' आकाशात झेपावले आणि सर्वांच्या नजरा त्याच्याकडे लागल्या. त्याच दिवशी तिथे आणखी एका विमानाच्या उत्पादनाला आरंभ झाला. 'एचटीटी-४०' हे त्याचे नाव. ते नवशिक्यांचे विमान असल्याने त्याची चर्चा फारशी झाली नाही. हा धागा नवशिक्यांच्या विमानांचा आहे.

२/ ओझरचा कारखाना १९६४ चा. सोव्हिएत परवान्याने मिग-२१ घडवण्यासाठी तो उभा राहिला. तेव्हाचे संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण आदल्याच वर्षी नाशिकमधून लोकसभेवर बिनविरोध निवडून गेले होते. पुढे मिग-२७ आणि सुखोई-३० इथेच तयार झाली. नाशिककरांच्या कानांना जेटचा गडगडाट परिचयाचा झाला. पण जेटपर्यंत पोहोचणारा प्रत्येक वैमानिक त्याआधी एका लहान विमानात उलटा लटकलेला असतो, ही गोष्ट त्या गडगडाटात ऐकू येत नाही.

३/ कोलांटी, गिरकी, फिरकी या हवाई कसरती म्हणजे जत्रेतला खेळ, असा सर्वसाधारण समज आहे. त्यांचा आरंभही काहीसा तसाच झाला. सप्टेंबर १९१३ मध्ये कीव्हजवळ प्योत्र नेस्तेरोव या रशियन लष्करी वैमानिकाने आकाशात उभे वर्तुळ पूर्ण केले. जगातला तो पहिला लूप. सरकारी मालमत्ता धोक्यात घातल्याबद्दल वरिष्ठांनी त्याला आधी अटकेत टाकले आणि नंतर बढती दिली. कसरत हा गुन्हा की विद्या, हा वाद तिच्या जन्माइतकाच जुना आहे.

४/ या वादाचा निकाल लूपने लावला नाही. तो लावला फिरकीने, म्हणजेच स्पिनने. पंख हवेला फार मोठ्या कोनात भिडला की त्यावरचा प्रवाह सुटतो आणि उचल कोसळते. याला स्टॉल म्हणतात. त्याच क्षणी विमान एका बाजूला वळत असेल, तर एक पंख दुसऱ्यापेक्षा अधिक खोल स्टॉल होतो. तो खाली जातो, मागे ओढला जातो आणि विमान मळसूत्रासारखे फिरत जमिनीकडे निघते.

५/ इथे माणसाची उपजत बुद्धी त्याला दगा देते. समोर जमीन गरगरत असते, म्हणून हात आपोआप स्टिक मागे खेचतात. विमानाचे नाक वर यावे, ही त्यामागची धडपड. पण स्टिक मागे असेपर्यंत पंख स्टॉलमधून सुटत नाही. जगण्याच्या ओढीने केलेली कृतीच मृत्यू पक्का करते.

६/ २५ ऑगस्ट १९१२ रोजी इंग्लंडमधील सॅलिसबरीच्या माळावर विल्फ्रेड पार्क हा नौदल अधिकारी याच भोवऱ्यात सापडला. त्या काळी योग्य मानले जाणारे सारे उपाय त्याने करून पाहिले. स्टिक मागे घेतली, रडरही फिरकीच्याच दिशेने दिला. उपयोग झाला नाही. जमीन अगदी जवळ आली असताना त्याने रडर उलट्या दिशेने लोटला आणि विमान सावरले. साक्षीदारांसमोर घडलेली आणि नीट नोंदली गेलेली अशी ही पहिली सुटका. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये एका वेगळ्या अपघातात पार्कचा अंत झाला.

७/ एका माणसाला सुचलेला उपाय सर्वांच्या हाती कसा द्यायचा? त्याचे उत्तर १९१७ मध्ये गॉसपोर्ट येथे रॉबर्ट स्मिथ-बॅरी यांनी दिले. विद्यार्थ्याला संकटापासून दूर ठेवायचे नाही. दुहेरी नियंत्रणे असलेल्या एव्ह्रो ५०४ मध्ये शिक्षकाने त्याला मुद्दाम संकटात न्यायचे आणि त्याच्याच हातांनी बाहेर काढायचे. नंतरच्या उड्डाणशिक्षणाचा पाया या विचारावर आहे.

८/ क्रम आजही साधारण तोच आहे. इंजिनाची शक्ती कमी करा, पंखांवरचे एलेरॉन मध्यावर आणा, फिरकीच्या उलट दिशेला पूर्ण रडर द्या आणि मग स्टिक पुढे लोटा, म्हणजे ज्या जमिनीची भीती वाटते तिच्याचकडे. फिरणे थांबताच रडर सरळ करा आणि हळुवारपणे विमान बाहेर काढा. वाक्ये चार-पाचच, पण ती पाठ करून भागत नाही. अंगात मुरावी लागतात.

९/ लहान पिस्टन इंजिनाचे विमान या शिक्षणाला विशेष योग्य, कारण त्याच्याकडे शक्तीची श्रीमंती नसते. लूप करायचा तर आधी सूर मारून वेग कमवावा लागतो. तो वेग वर चढताना खर्च होतो, माथ्यावर जवळजवळ संपतो आणि उतरताना परत मिळतो. उंची ही गाठीची पुंजी, वेग हा हातचा पैसा. हा जमाखर्च ज्याला कळला, त्याला उड्डाण कळले. जेटचे प्रचंड इंजिन विद्यार्थ्याच्या पुष्कळ चुका पोटात घालते. लहान विमान प्रत्येक चुकीचा हिशेब तिथल्या तिथे मागते.

१०/ आता महाराष्ट्राकडे. कोल्हापूर परिसरात १९०८ मध्ये जन्मलेले डॉ. विष्णू माधव घाटगे जर्मनीतील गटिंगेन येथे लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली शिकले आणि १९३६ मध्ये डॉक्टरेट मिळवून परतले. राइट बंधूंच्या उड्डाणाला वर्ष होते न होते तोच, १९०४ मध्ये, पृष्ठभागालगतचा हवेचा पातळ थर सुटतो कसा आणि का, हे मांडणारे ते प्रांटल. पंख स्टॉल होतो त्यामागचे शास्त्र ते हेच. घाटगे ते थेट उगमावरून घेऊन आले.

११/ १९४० मध्ये ते बंगळूरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये दाखल झाले. त्यांच्या नेतृत्वाखाली आकाराला आलेले 'एचटी-२' ऑगस्ट १९५१ मध्ये प्रथम उडाले. चाचणीवैमानिक होते कॅप्टन जमशेद मुन्शी. दोन आसने एकामागे एक, पंख खालच्या बाजूला, उत्पादनात आलेल्या आवृत्तीत १५५ अश्वशक्तीचे सिरस मेजर इंजिन. भारतात आरेखन होऊन उत्पादनापर्यंत पोहोचलेले हे पहिले इंजिनचलित विमान. अशी सुमारे १७० विमाने तयार झाली. नव्याने उभ्या राहणाऱ्या घानाच्या हवाई दलालाही त्यांतली १२ मिळाली.

१२/ स्वतंत्र देशाने स्वतःच्या आरेखनाचा आरंभ लढाऊ विमानाने केला नाही, शिकाऊ विमानाने केला, हे लक्षात घेण्याजोगे आहे. हे काम दिसते तितके सोपे नाही. फिरकीत जातच नाही असे विमान फिरकी शिकवू शकत नाही. जे जाते पण बाहेर येत नाही, ते शिष्याचा जीव घेते. या दोहोंमधल्या अरुंद वाटेवर आरेखकाला चालावे लागते आणि त्याच्या चुकीची किंमत विशीतला एखादा मुलगा मोजतो.

१३/ एचटी-२ ची जागा पुढे 'एचपीटी-३२ दीपक'ने घेतली. पहिले उड्डाण जानेवारी १९७७ चे, इंजिन २६० अश्वशक्तीचे लायकोमिंग. साध्या कार्ब्युरेटरचे इंजिन विमान उलटे झाले की इंधनाअभावी गुदमरते. दुसऱ्या महायुद्धात स्पिटफायरलाही हा दोष सतावत होता आणि बिआट्रिस शिलिंग या अभियंता स्त्रीने एक छोटी चकती बसवून त्यावर तात्पुरता तोडगा काढला होता. दीपकचे इंजिन मात्र उलट्या उड्डाणासाठीच बनवलेले होते, त्यात इंधन थेट फवारले जाई.

१४/ तरीही दीपकची इंजिने हवेत बंद पडत राहिली. इंजिन थांबले की हे जड विमान वेगाने खाली येई. सेवाकाळात १७ अपघात झाले, १९ वैमानिक गेले. जुलै २००९ मधल्या अपघातात दोन वैमानिकांचा मृत्यू झाल्यावर हा ताफा जमिनीवर आणण्यात आला. उलटे उडण्याची सोय होती, पण सरळ उडताना इंजिनाचा भरवसा नव्हता. या अपघातांच्या यादीत शिक्षकही आहेत आणि शिष्यही.

१५/ त्यानंतर स्विस बनावटीची ७५ पिलाटस विमाने आली आणि हवाई दलाचे प्राथमिक शिक्षण पिस्टन इंजिनाकडून टर्बोप्रॉपकडे वळले. स्वदेशी एचटीटी-४० चे पहिले उड्डाण ३१ मे २०१६ रोजी झाले. पण उडणे आणि शिकवण्यायोग्य होणे यांत अंतर असते. फिरकीच्या कसोटीसाठी शेपटीच्या भागात बदल करावे लागले. डाव्या आणि उजव्या अशा दोन्ही बाजूंना सहा-सहा वेढ्यांच्या फिरकीतून हे विमान सुखरूप बाहेर आले, तेव्हा कुठे ते गुरू होण्यास पात्र ठरले.

१६/ नागरी उड्डाणाने वेगळी वाट धरली. अमेरिकेने १९४९ मध्येच खासगी परवान्यासाठी फिरकीचा प्रत्यक्ष सराव आवश्यकतेतून वगळला. फिरकी टाळायला शिकवा, असा त्यामागचा विचार, आणि तो निराधार नव्हता, कारण सरावातही माणसे मरत होती. मात्र २००९ मध्ये एअर फ्रान्सचे ४४७ क्रमांकाचे विमान स्टॉल अवस्थेत अटलांटिकमध्ये कोसळले. सह-वैमानिकाने स्टिक बराच काळ मागे खेचून धरली होती. त्यानंतर विस्कटलेल्या स्थितीतून विमान सावरण्याचे प्रशिक्षण जगभर पुन्हा महत्त्वाचे ठरले.

१७/ सॅलिसबरीच्या माळावर १९१२ मध्ये हातांनी जी चूक केली, तीच जवळजवळ शंभर वर्षांनी अटलांटिकवर केली. यंत्रे बदलली, हात तेच राहिले. प्रत्येक पिढीला जमिनीकडे स्टिक लोटण्याचा धडा नव्याने शिकावा लागतो. तो वारशाने मिळत नाही.

१८/ म्हणून ओझरच्या त्या दुसऱ्या विमानाकडे पाहायचे. २६ सप्टेंबर २०२५ रोजी मिग-२१ ने भारतीय हवाई दलाचा निरोप घेतला आणि तीनच आठवड्यांनी, ज्या आवारात मिग घडले तिथे, शिकाऊ विमानाची उत्पादनसाखळी सुरू झाली. तेजसची छायाचित्रे पुष्कळ निघतील आणि निघावीत. पण ते तेजस चालवणारे हात कुठल्या तरी सकाळी, पुरेशा उंचीवर, मागे बसलेल्या शिक्षकाच्या शांत आवाजात, गरगरणाऱ्या जमिनीकडे स्टिक लोटायला शिकलेले असतील. घाटग्यांचे लहान विमान याच कामासाठी जन्मले होते.