काडतुसांचा हिशेब

२ ऑगस्ट २०२४, वाशिंद

काल पॅरिस ऑलिम्पिकमध्ये नेमबाज स्वप्निल कुसाळेनं ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ मिळवलं. कांबळवाडीचा मुलगा, स्पर्धेवेळी मध्य रेल्वेचा टीसी. फार आनंद झाला. पण बातम्यांतली एक गोष्ट मनातून जात नाही: वडिलांनी काढलेलं कर्ज आणि त्या वेळचं १२० रुपयांचं एक काडतूस. पात्रता फेरीत ६० गोळ्या. तेवढाच सराव केला तर एका दिवसाचे ७,२०० रुपये.

हा भार हलका करायला क्लब हवेत. वरळीच्या महाराष्ट्र रायफल असोसिएशनच्या रेंजवर नेमबाज अंजली भागवत घडली. मात्र ना नफा तत्त्वावरच्या क्लबचं गणित अवघड. सुरुवातीला प्रवेश फी जमते, हात मोकळा वाटतो. ती फी एकदाच येते. भाडं, वीजबिल, प्रशिक्षकाचं मानधन दर महिन्याला. दहावी-बारावी आली की मुलं गळतात, वर्गणी आटते. इलेक्ट्रॉनिक टार्गेट देणगीतून येतं, त्याच्या दुरुस्तीला देणगीदार मिळत नाही. म्हणून पहिल्या वर्षापासून घसाऱ्याची रक्कम वेगळी ठेवावी, असं माझं ठाम मत आहे. ऑडिटपुरती कागदावर नको, खरोखर बँकेत.

शहापूरच्या पोरीनं कसारा लोकल धरून वरळीला रोज जायचं, तर शाळा कधी करायची? क्लब तालुक्यातच हवा; १० मीटर एअर रायफलला एक लांब हॉल पुरतो. छऱ्यांचा ५०० चा डबा रोज ६० नेम धरले तर नवव्या दिवशी संपतो. तो डबा तिच्या बापानं नाही, तालुक्यानं भरावा.