पौड सोडताना

१
घर आवरायला घेतले आणि पहिला दिवस जुन्या कॅलेंडरांतच गेला. एकही टाकलेले नव्हते. चौकटींमध्ये दुधाचा हिशेब, सिलिंडरची तारीख, ‘लावणी सुरू’, ‘पाचव्या दिवशी वीज आली’. आमच्या पौडच्या संसाराची दुसरी कुठली नोंद नाही.

२
पुण्यात, कोथरूडला जायचे आहे. तिथल्या ज्या रस्त्यावर घर घेतले, त्याचे नाव पौड रोड. तिथे जन्म काढलेल्या कितीतरी जणांनी पौड पाहिलेले नाही.

३
‘बाई, निघालात व्हय?’
‘निघाले रे.’
‘मग आता दाखल्यावर सही कोण करणार?’
मी शाळेतून निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली, हे विचारणाऱ्याला ठाऊक आहे. तरी विचारतो.

४
तहसील कचेरीच्या आसपासचा रस्ता. सातबारा, आठ-अ, फेरफार, झेरॉक्स, लॅमिनेशन, वडापाव. खरेदीखत झाले की बाहेर पेढे वाटतात. वाटतो तो घेणारा. विकणारा एक पेढा उचलतो आणि न खाता धोतराच्या सोग्यात बांधून घेतो, घरी नातवाला. मग अंगठ्याची शाई टोपीच्या आतल्या बाजूला पुसतो. बाहेरच्या बाजूला पुसत नाही.

५
प्रवीण तरडे यांचा ‘मुळशी पॅटर्न’ हा सिनेमा २०१८ साली आला. सगळा गाव पाहायला गेला. लोक गुंडगिरीबद्दल बोलत राहिले. मला त्यातला जमीन विकून बसलेला बाप लक्षात राहिला. माझा एक विद्यार्थी सोसायटीच्या फाटकावर नोकरीला आहे. त्या जागी त्याच्या आजोबांची खाचरे होती. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचे नंबर तो वहीत लिहितो. अक्षर अजून तसेच सुबक आहे.

६
शिवरात्रीनंतर राब भाजायचे दिवस. आधी शेण पसरायचे, त्यावर झाडांच्या छाटलेल्या फांद्या, मग पातेरा, मग गवत, आणि सगळ्यावर बारीक माती. पेटवायचे ते वाऱ्याच्या उलट अंगाने, म्हणजे आग धावत सुटत नाही. धुमसत, सरकत जाते. जमीन खोलवर भाजते, तणाचे बी मरते, राख तिथेच राहते. पावसाच्या तोंडावर त्याच तुकड्यात भात पेरायचे. तिथली रोपे इतकी दाट आणि काळीभोर येतात की बांधावरून ओळखू यावीत.
या पद्धतीने झाडे तोडली जातात, हा आक्षेप खरा आहे. पण आक्षेप घेणाऱ्यांनी एकदा तरी त्या बाईशेजारी उभे राहावे, जी डोक्यावर फांद्यांचा भारा घेऊन डोंगर उतरते आणि उतरताना ‘जेवलात का बाई?’ असे विचारते.

७
नव्या सोसायट्यांतून दर उन्हाळ्यात धुराची तक्रार येते. त्याच सोसायट्यांच्या जाहिरातीत ‘निसर्गाच्या कुशीत’ असे लिहिलेले असते.

८
लावणीला बाई मागे मागे सरकत जाते. पुढे लावलेले दिसते, मागे चिखल. पाठ दिवसभर वर होत नाही.

९
आंबेमोहर शिजायला लागला की गल्लीला कळते. या तांदळाला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. उंच वाढतो, वाऱ्यापावसात आडवा होतो, उतारा कमी. म्हणून इंद्रायणी आला. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रात आंबेमोहर १५७ आणि आयआर-८ यांच्या संकरातून तो तयार झाला आणि १९८७ मध्ये शेतकऱ्यांच्या हाती पडला. इंद्रायणीने इथली घरे जगवली, हे कबूल केलेच पाहिजे. पण दुकानात आंबेमोहर म्हणून जे विकले जाते त्यातले बरेचसे इथले नसते. ओळखायचे असेल तर शिजवून पाहावे. पातेल्याचे झाकण काढल्यावर शेजारीण दारात आली नाही, तर तो आंबेमोहर नव्हे.

१०
चौथीच्या वर्गात बारा मावळांची नावे सांगताना ‘पौड मावळ’ आले की गलका व्हायचा. एक मुलगी उठून उभी राहायची आणि पुन्हा बसायची. का उठलीस, असे मी कधी विचारले नाही.

११
पौडहून ताम्हिणीकडे निघाले की उजव्या हाताला मुळशीचे तळे लागते. कणीस, भजी, फोटो. शनिवारी-रविवारी गाड्यांची रांग.
त्या पाण्याखाली मुळा आणि निळा नद्यांच्या खोऱ्यांतली गावे आहेत. पन्नासच्या आसपास गावांची जमीन त्यात गेली. मूळ मुळशी गावही गेले. मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी होती. टाटा कंपनीला धरण बांधायचे होते आणि इंग्रज सरकारने १८९४ चा भूसंपादन कायदा कंपनीच्या मदतीला दिला. १६ एप्रिल १९२१, रामनवमी. मावळे, त्यांची बायका-मुले आणि पुण्याचे कार्यकर्ते धरणाच्या कामावर जाऊन बसले. काम थांबले. पुढे पुन्हा सुरू झाले. पांडुरंग महादेव बापट तुरुंगात गेले, सुटले, पुन्हा गेले. ‘सेनापती’ ही त्यांची पदवी या लढ्यातली. पारनेरच्या या माणसाची मुळशीत एक गुंठाही जमीन नव्हती.
१९२७ मध्ये भिऱ्याचे वीजघर सुरू झाले.

१२
लढा का हरला, यावर राजेंद्र व्होरा यांचे पुस्तक आहे. जगातले पहिले धरणविरोधी आंदोलन, असे ते त्याला म्हणतात. त्यातली एक गोष्ट मनातून जात नाही. जमीन कसणारे मावळे होते, पण बऱ्याच जमिनीचे कागद पुण्याच्या सावकारांच्या नावावर होते. सावकारांना पैसा हवा होता. मोबदला त्यांनी घेतला. ज्याच्या पायाला चिखल होता, त्याला विचारावे असे कायद्याला वाटले नाही.
आज तहसीलच्या रस्त्यावरून जाताना हे आठवल्याशिवाय राहत नाही.

१३
मुळेचे पाणी एरवी मुठेला, मग भीमेला, कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागराला जायचे. धरणातले पाणी बोगद्याने पश्चिमेला वळते, सुमारे पाचशे मीटर खाली भिऱ्याला पडते, वीज करते आणि कुंडलिकेतून रेवदंड्याजवळ अरबी समुद्राला मिळते.
कोलाडला राफ्टिंगच्या होड्या सकाळी सुटतात, कारण वीजघरातून पाणी तेव्हा सुटते.

१४
तळ्याच्या काठावरच्या वस्त्यांत उन्हाळ्यात हंडे घेऊन चालणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत.

१५
आमच्या घरमालकीणबाई, आम्ही त्यांना आजी म्हणतो. त्यांच्या सासूबाईंचे माहेर तळ्यात गेले. ‘कुठले हो गाव?’ असे मी विचारले.
‘पाण्यातले.’
‘पण नाव?’
‘त्या सांगायच्या, बाई. तवा आमी कुठं ध्यान दिलं?’
देव मात्र वर आणला होता. शेंदूर लावलेला तांदळा, घराच्या मागच्या बाजूला, आवळीखाली. आजी रोज त्याला पाणी घालतात.

१६
ताम्हिणीची देवराई. मधमाशा, वेली, खाली पडून कुजणारे ओंडके. देवीचे म्हणून कुणी फांदी उचलत नाही. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी सत्तरच्या दशकात महाराष्ट्रातल्या देवरायांचा अभ्यास केला, तेव्हा शहराला कळले की इथे काय राखलेले आहे. इथल्यांना माहीतच होते. देवरायांना हात लावणाऱ्याला मी माफ करणार नाही, तो गावचा असो की बाहेरचा.

१७
हिंजवडी आमच्याच मुळशी तालुक्यातली. चैत्र पौर्णिमेला म्हातोबाचे बगाड हिंजवडीहून वाकडला निघते. पाठीला गळ टोचलेला गळकरी वर, खाली हजारो माणसे. त्या संध्याकाळी आयटी पार्ककडची वाहतूक वळवतात. कंपन्यांच्या बसगाड्या देवाची वाट सोडून उभ्या राहतात.

१८
पाऊस. जुलैत कपडे वाळत नसत. चुलीवर बांबूची डालगी उपडी ठेवून त्यावर मुलांचे गणवेश टाकायचे. वर्गाला धुराचा वास यायचा. २०२४ च्या जुलैमध्ये ताम्हिणीला एका दिवसात ५०० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडला. पुण्यात लोक विचारतात, ‘एवढ्या पावसात तुम्ही करता काय?’
लावणी.

१९
चांदणी चौकातला जुना पूल २ ऑक्टोबर २०२२ ला मध्यरात्रीनंतर स्फोटाने पाडला. पुढच्या ऑगस्टमध्ये नवे उड्डाणपूल सुरू झाले. आता शहरातून पौडला लवकर पोहोचता येते. जमिनीचे भाव त्याहून लवकर पोहोचले.

२०
न्यायच्या वस्तू : पाटा-वरवंटा, मुलांनी निरोपाला दिलेले घड्याळ, कॅलेंडरे.
ठेवून जायच्या वस्तू : तुळस. आजी म्हणाल्या, ‘हिची मुळं हितं बसलीत, हिला नगा हलवू.’

२१
समोरच्या वहिनी तांदूळ घेऊन आल्या. कापडी पिशवीत, वरून दोरीने आवळलेला.
‘वहिनी, पैसे?’
‘असं बोलू नका. आन् संपला की सांगा. तिकडं इकत घेऊ नका.’

२२
निरोप घ्यायला येणाऱ्या प्रत्येकाने ‘येत जा’ म्हटले. ‘या’ म्हटले नाही. ‘येत जा’ म्हणजे अधूनमधून, सवडीने, कायम. मी येणार आहे.

२३
माझे जाणे माझ्या इच्छेने आहे. गुडघे दुखतात, दवाखाना जवळ हवा, मुलगी तिकडे आहे. टेम्पो मी ठरवला, तारीख मी ठरवली, नव्या घराची किल्ली आधीच हातात आहे. शंभर वर्षांपूर्वी याच खोऱ्यातून जे निघाले त्यांना यातले काहीच मिळाले नव्हते. दोन्हींना ‘गाव सोडणे’ म्हणायला मला लाज वाटते.

२४
मुळशीतल्या शिक्षकांना एक विनंती. येत्या दिवाळीच्या सुटीत मुलांना दुसरा कुठलाही गृहपाठ देऊ नका. ज्यांच्या घरचे कुणी तळ्यातल्या गावचे होते, त्यांना घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाजवळ बसायला सांगा. गावाचे नाव, वाडीचे नाव, खाचरांची नावे, देव कुठला होता, तो आता कुठे आहे, आणि माणसे कुठे कुठे गेली. चुकले तरी चालेल, दोघांनी वेगवेगळे सांगितले तरी दोन्ही लिहा. वह्या जमवून ठेवा आणि मला कळवा. मी येऊन सगळ्या उतरवून घेईन. हे काम लांबणीवर टाकू नका. सांगणारी माणसे आता फार उरलेली नाहीत.