कलावंतांचं बोलणं आणि आमचे कागद

डिसेंबर म्हणजे आमच्या देवगडात आंब्याच्या मोहोराचे दिवस. थंडी किती पडली, तुडतुडा आला का, फवारणीला औषध कुठलं घ्यायचं, एवढंच बोलणं त्या दिवसांत जामसंड्याच्या बाजारात चालतं आणि आमच्या मोहल्ल्यातही. 2019 सालच्या डिसेंबरात मात्र मगरिबच्या नमाजनंतर मशिदीच्या पायऱ्यांवर मोहोर मागे पडला आणि कागद पुढे आले. 11 डिसेंबरला राज्यसभेने नागरिकत्व दुरुस्ती विधेयक मंजूर केलं होतं आणि दुसऱ्या दिवशी त्यावर राष्ट्रपतींची सही झाली होती. अफगाणिस्तान, बांगलादेश आणि पाकिस्तान या तीन देशांतून 31 डिसेंबर 2014 पर्यंत आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिस्ती लोकांना बेकायदा स्थलांतरित मानायचं नाही, आणि नागरिकत्वासाठी 11 वर्षांच्या वास्तव्याऐवजी 5 वर्षं पुरे धरायची, असा तो कायदा. यादीत सहा धर्म होते. आमचा नव्हता.

हा कायदा नागरिकत्व देणारा आहे, काढून घेणारा नाही, असं सरकार सांगत होतं. नुसता कायदा वाचला तर ते खरंही आहे. पण त्याच वर्षी 31 ऑगस्टला आसाममधल्या नागरिक नोंदवहीची अंतिम यादी लागली होती आणि 19 लाखांहून जास्त माणसं तिच्या बाहेर राहिली होती. त्यांत हिंदूही होते, मुसलमानही होते. अशी नोंदवही देशभर होईल, असं गृहमंत्री नोव्हेंबरात राज्यसभेत म्हणाले होते. या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की सवाल आपोआप पडत होता. नोंदवहीतून गळलेल्या हिंदूला निदान एक दार दिसत होतं. गळलेल्या मुसलमानाने कुठलं दार वाजवायचं? पुढे 4 फेब्रुवारी 2020 ला, देशभरच्या नोंदवहीचा निर्णय झालेला नाही, असं सरकारने लोकसभेत सांगितलं. तोवर आमच्या मोहल्ल्यात घरोघरी ट्रंका उघडल्या गेल्या होत्या.

आमच्या घरचीही उघडली. दादीचं नाव रेशनकार्डावर खतीजा निघालं आणि मतदारयादीत खातिजाबी. तिच्या जन्माची नोंद कुठेच नाही. ती जन्मली माहेरी, शाळेत कधी गेली नाही, आणि जन्म-मृत्यूच्या नोंदणीचा देशभरचा कायदा झाला 1969 साली, तेव्हा तिला मुलं झालेली होती. अब्बांच्या शाळेच्या दाखल्यावर जन्मगाव देवगड तालुक्यातलं, पण जिल्हा रत्नागिरी. कारण सिंधुदुर्ग जिल्हा जन्माला आला 1 मे 1981 रोजी. थोरल्या चाचांचं बोटीवरच्या नोकरीचं पुस्तक निघालं, कुवेतचे जुने व्हिसे निघाले. सातबाऱ्यावर आजोबांच्या नावाला एक वेलांटी जास्त होती. अशा चुका कोकणात हिंदूंच्या घरीही सापडतात. तिथे ती वेलांटीची चूक असते. आमच्याकडे त्या दिवसांत त्याच वेलांटीने झोप उडवली होती.

ट्रंकेच्या तळाशी कराचीहून आलेलं एक जुनं पत्र होतं. कोकणातली कितीतरी मुसलमान घराणी फाळणीच्या आधीपासून बोटीच्या आणि गोदीच्या कामाला कराचीत जात. जे 1947 नंतर तिथे राहिले ते तिथलेच झाले. पत्राची लिपी उर्दू, बोली मात्र आपलीच. घरातलं कोणीतरी म्हणालं, हे आता ठेवू नका, जाळून टाका. नव्वदीला आलेल्या दादीने ते हातातून काढून घेतलं. म्हणाली, "तां माज्या भावाचां अक्षर आसा. ऱ्हवांदे." पत्र राहिलं.

याच दिवसांत मोहल्ल्यातली तरुण पोरं मोबाइलवर दुसराच हिशेब मांडत होती. सिनेमावाल्यांपैकी कोण बोललं, कोण गप्प राहिलं. 19 डिसेंबरला मुंबईत ऑगस्ट क्रांती मैदानावर मोठी सभा झाली. फरहान अख्तर, स्वरा भास्कर, सुशांत सिंह तिथे गेले. सुशांत सिंह यांचं गुन्ह्यांवरच्या मालिकेचं सूत्रसंचालन त्याच आठवड्यात संपलं. 5 जानेवारी 2020 ला केंद्रीय मंत्र्यांनी मुंबईत सिनेमा-संगीतातल्या मंडळींना जेवायला बोलावून कायदा समजावून दिला. 7 जानेवारीला दीपिका पदुकोण जेएनयूत मार खाल्लेल्या विद्यार्थ्यांजवळ जाऊन उभी राहिली. एक शब्दही बोलली नाही, तरी 10 तारखेला येणाऱ्या तिच्या 'छपाक'वर बहिष्कार टाका, अशी हाकाटी झाली. नसीरुद्दीन शाह कायद्याच्या विरोधात बोलले, अनुपम खेर बाजूने बोलले, आणि दोघांचं जाहीर वाजलंही.

आमच्या पोरांचा राग मात्र या कोणावर नव्हता. तो तीन खानांवर होता. एका संध्याकाळी आमचा एक पुतण्या पायरीवरच तापला. म्हणाला, "चाचा, आमी इतकी वर्सां त्येंचे पिच्चर बघलव, नि बोलूच्या वेळाक ते गप?" चाचा शांतपणे म्हणाले, "आनि तू खंय बोललंस रे? तू बाजारात गप, मी गप, नि बोलूचा त्येनी?"

चाचांच्या त्या प्रश्नावर आम्ही पुष्कळ विचार केला आहे, आणि आमचं मत आज ठाम आहे. कलावंताने बोलावं की न बोलावं हा त्याच्या मनाचा प्रश्न आहे. तो बोलला तर ऐकावं, पटलं तर आभार मानावेत, पटलं नाही तर तसं सांगावं. पण त्याचं नाव बघून त्याच्याकडून बोलणं वसूल करू नये. पुतण्याला अक्षयकुमार किंवा अजय देवगण गप्प राहिल्याचा राग आला नव्हता. खानांचा आला, कारण त्यांचं नाव आमच्यासारखं आहे. मुसलमान नटाने आधी मुसलमान म्हणून हजेरी लावावी, असा हा आग्रह आहे. त्याला पाकिस्तानात जा म्हणणाऱ्यांचा आग्रहही नेमका हाच असतो.

आणि खान कधी बोललेच नाहीत, हेही खरं नाही. 2 नोव्हेंबर 2015 ला, पन्नासाव्या वाढदिवशी, शाहरुख खान देशातल्या असहिष्णुतेबद्दल बोलला. त्याला लगेच पाकिस्तानची वाट दाखवली गेली. त्याच महिन्यात आमिर खानने एका समारंभात आपल्या घरातली काळजी बोलून दाखवली. काही आठवड्यांत एका मोठ्या कंपनीची जाहिरात त्याच्या हातून गेली आणि 'अतुल्य भारत'चं कामही संपलं. 2018 च्या डिसेंबरात नसीरुद्दीन शाह आपल्या मुलांच्या काळजीविषयी बोलले, तेव्हाही तेच झालं. एका वाक्याची इतकी किंमत मोजलेला माणूस पुढच्या वेळी गप्प बसला, तर त्याला भित्रा म्हणण्याआधी थोडं थांबावं.

आमच्या पिढीला हे दिलीपकुमारांपासून माहीत आहे. युसूफ खान 1922 साली पेशावरात जन्मले, राज कपूर 1924 साली त्याच शहरात. दोघांची घरं किस्साख्वानी बाजाराच्या आसपासची. दोघे मुंबईत वाढले आणि साऱ्या देशाचे लाडके झाले. 1998 साली पाकिस्तानने दिलीपकुमारांना निशान-ए-इम्तियाज दिला, आणि पुढच्या वर्षी कारगिलचं युद्ध झालं तेव्हा तो परत करा म्हणून त्यांच्यामागे लकडा लागला. मुंबईचे शेरीफ राहिलेल्या माणसाला वयाच्या 76 व्या वर्षी देशप्रेमाचा पुरावा द्यावा लागला. दोघेही फाळणीच्या आधी आलेले, त्यामुळे 2019 चा कायदा त्यांना लागू होण्याचा प्रश्नच नव्हता. पण त्या कायद्याच्या नजरेने पाहिलं तर एकाच गल्लीतली ही दोन मुलं दोन वेगळ्या रांगांत उभी राहतात. दादीच्या भावाचं पत्र जाळायला निघालेल्या हाताला नेमकी हीच भीती होती.

कायद्याच्या बाजूचे लोक अदनान सामींचं उदाहरण देत. जन्म लंडनचा, वडील पाकिस्तानी हवाई दलातले, आणि 1 जानेवारी 2016 पासून ते भारताचे नागरिक आहेत. 2020 साली त्यांना पद्मश्रीही मिळाली. म्हणजे मुसलमानाला जुन्या वाटेने नागरिकत्व मिळू शकतं, हे खरं आहे. आम्हाला त्यांच्या नागरिकत्वाचा आनंदच आहे. पण नामवंत गायकाला मिळालेलं दार म्हणजे बांधकामावरच्या मजुराला मिळालेलं दार नव्हे. परदेशी माणूस आम्हाला नवा नाही. आमच्या बागांची राखण हंगामात नेपाळहून आलेली माणसं करतात, 1950 च्या कराराने ती इथे मोकळेपणी राहतात, आणि त्यांचा धर्म आजवर कोणी विचारलेला नाही. गंमत अशी की ज्या हापूसची ती राखण करतात, त्याचं नावही पोर्तुगीजांकडून आलेलं. आणि 2018 साली त्याला कोकणचा म्हणून भौगोलिक मानांकनाचा रीतसर कागद मिळाला.

नाचणाऱ्या-गाणाऱ्यांनी राजकारणात तोंड घालू नये, असं जे म्हणतात त्यांनी एकदा आमच्या जिल्ह्यात येऊन रात्रीचा दशावतार बघावा. संवाद कोणी लिहून दिलेले नसतात. संकासुर रंगात आला की मालवणीत गावच्या पुढाऱ्याला, तलाठ्याला, एसटीच्या गाडीला सगळ्यांना घेतो, आणि ज्याची टोपी उडाली तोही पुढे बसून हसत असतो. आमची घरंही जत्रेत मांडवाच्या कडेला बसून ते बघत आली आहेत. अख्खा महाराष्ट्रच अशा तोंडाळ कलावंतांनी घडवला. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात अण्णाभाऊ साठे आणि गवाणकर यांच्या बरोबरीने डफ घेऊन उभे होते ते शाहीर अमर शेख, म्हणजे बार्शीचे मेहबूब पटेल. 1 मे 1960 ला मिळालेलं राज्य मागणाऱ्यांत हा मेहबूब पुढे होता. 1977 साली पु. ल. देशपांडे आणीबाणीविरुद्ध जनता पक्षाच्या प्रचाराला उतरले. आणि 2019 च्या फेब्रुवारीत मुंबईच्या आधुनिक कलेच्या राष्ट्रीय दालनात अमोल पालेकर सरकारी निर्णयावर बोलू लागले, तर त्यांना मध्येच पुन्हा पुन्हा अडवण्यात आलं. आवाज बंद करायची वेळ आली की नाव पालेकर असूनही भागत नाही. एवढंच, की पालेकरांना दुसऱ्या देशाचा पत्ता कोणी दिला नाही.

म्हणून ज्यांच्या नागरिकत्वावर कोणी शंका घेत नाही असे लोक बोलले, त्याचं मोल आम्हाला जास्त वाटतं. त्यांनी हा प्रश्न मुसलमानांचा न ठेवता देशाचा केला. गीतकार वरुण ग्रोवर यांची कागद न दाखवण्याची कविता त्या डिसेंबरात आमच्या पोरांना तोंडपाठ होती. धीर दिला त्या कवितेने. पण तीच कविता कानात घालून तीच पोरं दुसऱ्या दिवशी दाखल्यांच्या रांगेत उभी राहिली. यात लबाडी नव्हती. कागद दाखवणार नाही, असं म्हणायला आधी आपला कागद घरात नीट आहे याची खातरी लागते. ती खातरी कवीला होती, आम्हाला नव्हती. कविता त्यांनी दिली. वेलांटी आम्हालाच दुरुस्त करून घ्यावी लागली. एका कार्यालयात तिला चार खेपा पडल्या.

नंतर कोरोना आला, शाहीनबागेतल्या बायकांचं 15 डिसेंबर 2019 पासून चाललेलं धरणं 24 मार्च 2020 ला उठलं, सिनेमावाले आपल्या कामाला लागले. 11 मार्च 2024 ला कायद्याचे नियम निघाले. 2025 साली परदेशी नागरिकांबाबतचे जुने कायदे जाऊन नवा कायदा आला, आणि त्याच वर्षी बिहारपासून मतदारयाद्यांची सखोल फेरतपासणी सुरू झाली. कागदांचा विषय म्हणजे संपलेला नाही, आणि दर वेळी ऑगस्ट क्रांती मैदान भरेल असंही नाही.

तेव्हा वाचकहो, दोन कामं आपली आपणच करायची आहेत. पहिलं म्हणजे कायदा नीट समजून घेणं. 1 जुलै 1987 पूर्वी भारतात जन्मलेला माणूस जन्मानेच नागरिक आहे. त्या तारखेपासून 3 डिसेंबर 2004 पूर्वीपर्यंत जन्मलेल्याला आई-वडिलांपैकी एक नागरिक असावा लागतो. त्यानंतर जन्मलेल्याचे दोघेही नागरिक लागतात, किंवा एक नागरिक आणि दुसरा बेकायदा स्थलांतरित नसलेला. म्हणजे नातवाचं नागरिकत्व आता सुनेच्या कागदावरही टेकलेलं आहे. आपल्याकडे बायकांची नावं माहेरी एक, सासरी दुसरं, आणि यादीत तिसरंच असतात. लेकी-सुनांचे दाखले आधी सरळ करा.

दुसरं काम बोलण्याचं. ग्रामसभेत, शाळेच्या सभेत, बाजारात शेजाऱ्याजवळ, जे वाटतं ते साध्या शब्दांत बोलावं. आमच्या चाचांनी 2020 च्या जानेवारीत ते केलं. आंब्याच्या पेट्या घेणाऱ्या आपल्या जुन्या व्यापारी मित्राला त्यांनी घरी बोलावून ट्रंक दाखवली, दादीची दोन नावं दाखवली. मित्र बराच वेळ कागद चाळत बसला आणि म्हणाला की आपल्या आईचंही नाव असंच दोन तऱ्हांनी लिहिलेलं आहे, पण त्याचा विचार कधी करावा लागला नव्हता. त्या दिवसापासून बाजारात हा विषय निघाला की आमच्या आधी तो बोलतो. शाहरुखने बोलून आमच्या मोहल्ल्यात एवढं काम झालं नसतं. त्याचा सिनेमा लागला तर बघावा, आणि तो चांगला आहे की वाईट एवढंच बोलावं.