गोदावरीचे तीर्थ

नाशिकात वाढल्यामुळे सिंहस्थ म्हणजे गोदावरीचाच, अशी माझी समजूत होती. २००३ साली आईने पर्वस्नानाची इच्छा बोलून दाखविली. २७ ऑगस्टला चेंगराचेंगरीत ३९ भाविक दगावले आणि मी तिला रामकुंडावर नेण्याचे साफ नाकारले. पुढचा सिंहस्थ २०१५ साली आला. तो पाहण्यास ती नव्हती.

पुढे सरस्वती महालातील मराठी हस्तलिखिते पाहण्याकरिता तंजावरास जाणे झाले. उतरलो ते एका मराठी कुटुंबात. एकोजीराजांनी १६७६ च्या सुमारास तेथे राज्य स्थापिले, तेव्हापासून टिकून राहिलेली मराठी त्या घरात अजून बोलली जाते. मी नाशिकचा हे कळताच घरच्या आजी म्हणाल्या, "म्हणजे तुमची गोदावरी आमच्याकडे येते. कुंभकोणम् पाहून या."

दुसऱ्या दिवशी तेथील महामहम् तलावाच्या पायऱ्यांवर जाऊन बसलो. सहा एकरांहून अधिक विस्ताराचे हे तळे. भोवती सोळा मंडप. ते नायक राजांचे मंत्री गोविंद दीक्षित यांनी उभारविले, असे सांगतात. तळाशी तीर्थांच्या विहिरी. गुरू सिंहेत, सूर्य कुंभेत आणि चंद्र मघा नक्षत्रात आला, की बारा वर्षांनी येथे महास्नान होते. नाशिकचा पर्वकाळ गुरूच्या सिंहेतील मुक्कामाएवढा दीर्घ. येथील मुख्य स्नान एका दिवसाचे. संकट मात्र येथेही चुकले नाही: १८ फेब्रुवारी १९९२ रोजी याच काठी गर्दीत चेंगरून अनेकांचे प्राण गेले.

लोकांची पापे धुऊन नद्या मलिन होतात, आणि त्या दिवशी गंगा, यमुना, गोदावरी, कावेरी अशा नऊ नद्या स्वतः शुद्ध होण्यास येथे येतात, अशी कथा आहे. उत्तर तीरावरील काशीविश्वनाथाच्या देवळात या नऊ कन्यांच्या मूर्ती आहेत. त्यांतील गोदावरी कोणती, हे मला ओळखता आले नाही. जिला आम्ही केवळ देणारी मानीत आलो, तिलाही आपला भार उतरविण्यासाठी परमुलखात यावे लागते, हा विचार मात्र मनात घर करून राहिला.

पाण्यात हात बुडवून आईचे स्मरण केले. नाकारलेल्या स्नानाची ती भरपाई नव्हे, हे मी जाणून होतो.

संध्याकाळी परतल्यावर आजींनी विचारले, "भेटली का गोदावरी?"

मी म्हणालो, "भेटली."