काट्याचे म्हणणे

आमची प्रीमियर पद्मिनी वडिलांनी १९८६ साली घेतली. मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली, तेव्हा वर्तमानपत्रे हळहळली. आमची पद्मिनी मात्र त्या दिवशीही वाईच्या बाजारातून फराळाचे सामान घेऊन बिनबोभाट घरी आली होती. वडील गेले, आणि मागे दोन गोष्टी राहिल्या: डिकीतला पाण्याचा पत्र्याचा डबा, आणि ‘चढ लागला की काट्याकडे बघ’ हे वाक्य. त्यांपैकी डबा कित्येक महिने कोरडा होता आणि वाक्य मी विसरलो होतो.

यंदा गौरींच्या दिवशी पाचगणीला ताईकडे निघालो. पसरणीच्या घाटात उष्णतेचा काटा वर सरकू लागला. मी काचेवर टिचकी मारली. गैरसोयीचे उत्तर देणाऱ्या पोराला आम्ही मास्तर मंडळी ‘नीट बघून सांग’ म्हणतो ना, तसेच! काटा हलला नाही.

“अहो, थांबू या का जरा?” ही म्हणाली.

“जुना काटा आहे. खोटं दाखवतो,” मी म्हणालो.

खरे सांगायचे तर मागून नव्याकोऱ्या गाड्या येत होत्या, आणि त्यांच्यादेखत बॉनेट उघडून कडेला उभे राहण्याची मला लाज वाटली. अखेर वाफेचा लोट सोडून गाडीनेच निकाल दिला. खाली धोम धरणाचे पाणी उन्हात चमकत होते. आमच्या डब्यात थेंब नव्हता.

दुसऱ्या दिवशी गाडी ओढून मिस्त्रींकडे आणली. मिस्त्री वडिलांच्या वेळचे. मी मोबाइलवर चार ओळी वाचून पंडित होऊन गेलो होतो. जाताच म्हणालो, “हेड गॅस्केट उडालंय. तेलाच्या टोपणाखाली पांढरं जमलंय बघा.”

मिस्त्री हसले. “गुरुजी, पावसाळ्यात घर ते शाळा एवढ्याच फेऱ्या मारल्या, की टोपणाखाली अशी साय धरते. आधी काठी बघू.” त्यांनी तेलाची काठी ओढून पुसली, पुन्हा बुडवून पाहिली. तेल काळे होते, पण त्याचे ताक झालेले नव्हते. मग पंख्याचा पट्टा दाबून पाहिला, पाण्याचे पाइप चाचपले. बाहेर कोठेही गळती नव्हती. थंड इंजिनाचे रेडिएटर काठोकाठ भरले आणि टोपण उघडे ठेवून गाडी सुरू केली. पाण्यात बुडबुडे आले. अडकलेली हवा निघून गेली की ते थांबावेत. पण ते येतच राहिले.

“आता संशय घ्यायला हरकत नाही,” मिस्त्री म्हणाले. “तापल्यावर किती चालवलीत?”

“छे! लगेच थांबवली.”

ते काही बोलले नाहीत. चारही प्लग काढून त्यांनी एकेका सिलिंडरचा दाब मोजला. पहिल्यात आणि चौथ्यात काटा १२० पौंडांच्या वर गेला. मधल्या दोहोंत ८० लाही पोचेना. त्या दोहोंत चमचाभर तेल सोडून पुन्हा मोजले. तेलाने दाब वाढला असता, तर पिस्टनच्या रिंगा झिजलेल्या. तो वाढला नाही. शेजारचे दोन सिलिंडर एकदमच दुबळे झाले, म्हणजे त्यांच्यामधली भिंत फुटली. खालचा ब्लॉक बिडाचा, वरचे हेड ॲल्युमिनियमचे. तापले की हेड अधिक फुगते. मधले पातळ गॅस्केट सासू-सुनेत सापडलेल्या नवऱ्यासारखे दोघांनाही सांभाळत असते. एका मर्यादेपलीकडे त्याचाही धीर सुटतो.

मिस्त्रींनी हात पुसत पुन्हा विचारले, “किती चालवलीत, गुरुजी?”

तोच प्रश्न, तोच सूर. गृहपाठ न केलेल्या मुलासारखा मी जमिनीकडे पाहू लागलो.

“असेल दोनेक किलोमीटर. काटा लाल रेघेवर गेल्यानंतर.”

“मग बरं झालं सांगितलंत. नुसतं गॅस्केट बदलून दिलं असतं, तर परत उडालं असतं. हेड वाकलंय का ते आता बघतो.”

हेड उतरवून त्यांनी त्यावर सरळ पट्टी उभी धरली. पट्टीखालून उजेडाची बारीक रेघ दिसली. माझ्या खोटेपणाची जाडी तेवढीच होती! हेड लेथवर सपाट करून आणावे लागले. बिल माझ्या शेवटच्या कादंबरीच्या मानधनाहून मोठे झाले. ‘भंगारात काढा’ असा सल्ला चौघांनी दिला. पण काट्यावर आळ घेऊन तो चुकविणारा मी, आणि शिक्षा गाडीला? ते मनाला पटेना.

काटा जुना होता, पण खोटा नव्हता. वर्गात रोज ‘खरे बोलावे’ शिकविणाऱ्या मला ते ऐकायचे नव्हते, एवढेच.

येत्या भाऊबीजेला पुन्हा तोच घाट चढायचा आहे. डबा घासून भरून ठेवला आहे. काटा वर चढला, तर भर रस्त्यात, सगळ्यांदेखत थांबेन. औक्षणाला तासभर उशीर झाला, म्हणून ताई काही मला ओवाळायची राहणार नाही.