वाघ, हत्ती आणि डब्लिनची पलटण

२००७ सालच्या उन्हाळ्यात डब्लिन शहरातील एका धर्मग्रामात, तेथील धर्मगुरू रजेवर असताना, दोन महिने सेवा करण्याची संधी मला लाभली. तिथल्या उन्हाळ्याला उन्हाळा म्हणणे हा आपल्या वैशाखाचा अवमान आहे. पण ते असो. सकाळची मिस्सा आटोपली की घरी खिळून असलेल्या वृद्धांना ख्रिस्तप्रसाद नेऊन देणे हे माझे मुख्य काम. त्यांतल्या एक बाई ऐंशीच्या घरात होत्या. एके दिवशी प्रार्थना संपल्यावर त्यांनी येशूच्या पवित्र हृदयाच्या तसबिरीखालचे कपाट उघडले आणि बिस्किटांचा एक गंजलेला डबा माझ्यापुढे ठेवला. आत एक पितळी बिल्ला होता. ज्वाळा निघत असलेला बॉम्बगोळा आणि त्या गोळ्यावर वर वाघ, खाली हत्ती.

"फादर, तुम्ही मुंबईकडचे ना?" त्या म्हणाल्या. "मग मला एवढे सांगा, डब्लिनच्या शिपायाच्या टोपीवर वाघ आणि हत्ती कशासाठी?"

बिल्ला त्यांच्या वडिलांचा होता. वडील रॉयल डब्लिन फ्युझिलिअर्स या पलटणीत होते, पहिल्या महायुद्धातून जिवंत परतले आणि त्यानंतर मरेपर्यंत त्याविषयी एक शब्दही बोलले नाहीत. बिल्ला डब्यात गेला आणि डबा कपाटात. "आमच्या घरात हा विषय काढायचा नसतो, एवढेच आम्हां मुलांना ठाऊक," बाई सांगत होत्या. प्रश्न साधा होता, पण मला उत्तर देता आले नाही. मुंबईच्या सेमिनरीत आठ वर्षे काढलेल्या माणसाला मुंबईविषयी विचारले गेले आणि तो गप्प बसला, ही गोष्ट मला लागली.

उत्तर पुढे वाचनातून सापडले, ते असे. १६६१ साली पोर्तुगालच्या राजकन्येच्या विवाहकरारात मुंबई इंग्लंडच्या राजाला आंदण मिळाली, हे आपण शाळेत शिकलो. ते आंदण ताब्यात घेण्यासाठी आलेल्या शिपायांचे काय झाले, हे मात्र कोणी शिकवले नाही. १६६२ साली सर अब्राहम शिपमन काही शे शिपाई घेऊन मुंबईच्या बंदरात आले. मुंबई तेव्हा वसई हे मुख्य ठाणे असलेल्या पोर्तुगीजांच्या उत्तर प्रांतात मोडत असे. पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी कागदपत्रांत खोट काढून बेट देण्याचे नाकारले. शिपायांना उतरायला जागा नव्हती. अखेर ते कारवारनजीकच्या, आज गोव्यात मोडणाऱ्या अंजदीव बेटावर जाऊन राहिले आणि तिथे तापाने व उपासमारीने पटापट मेले. १६६४ साली खुद्द शिपमनही गेले. १६६५ च्या फेब्रुवारीत हंफ्री कुक याने मुंबईचा ताबा घेतला, तेव्हा त्याच्याबरोबर उरलेले शिपाई शंभराच्या आसपास होते.

ही मूठभर उरलेली माणसे म्हणजे त्या पलटणीचे बीज. १६६८ साली मुंबई ईस्ट इंडिया कंपनीकडे गेली, तशी ही शिबंदीही गेली आणि तिचीच पुढे बॉम्बे युरोपियन रेजिमेंट झाली. आरंभीचे शिपाई इंग्रज होते. एकोणिसाव्या शतकात भाकरीच्या शोधात निघालेले आयरिश तरुण कंपनीच्या गोऱ्या पलटणींत मोठ्या संख्येने शिरले. १८६२ साली पलटण राणीच्या सैन्यात दाखल झाली. १८८१ साली मद्रासची तशीच एक जुनी पलटण आणि ही मुंबईची, अशा दोन्ही जोडून त्यांना रॉयल डब्लिन फ्युझिलिअर्स हे नाव मिळाले. मद्रासची ती पहिली बटालियन, मुंबईची ती दुसरी. ठाणे आयर्लंडमधील नास या गावी आले. वाघ आणि हत्ती हे हिंदुस्थानातील लढायांची आठवण म्हणून बिल्ल्यावर राहिले. पलटणीचे लॅटिन ब्रीदवाक्य होते, 'स्पेक्तामूर आजेन्दो', म्हणजे आमची पारख आमच्या कृतींवरून होते. सेमिनरीतल्या लॅटिनच्या तासांचा मला पुढे झालेला हा एक दुर्मीळ उपयोग.

महायुद्धातील या पलटणीची कहाणी धर्मगुरूच्या डोळ्यांनी वाचली की पुस्तक मध्येच मिटावे लागते. २५ एप्रिल १९१५, रविवार. गॅलिपोलीच्या किनाऱ्याकडे पहिली बटालियन उघड्या होड्यांतून निघाली. किनाऱ्यावर तुर्कांच्या बंदुका वाट पाहत होत्या आणि कित्येक होड्या माणसांसकट जागीच थांबल्या. बटालियनचे धर्मगुरू फादर विल्यम फिन यांनी मागे जहाजावर थांबण्यास नकार दिला होता. जखमी झाल्यावरही ते मरणाऱ्यांना धीर देत होते असे सांगतात. त्याच दिवशी ते पडले. आठव्या बटालियनचे येशूसंघीय फादर विल्यम डॉईल १६ ऑगस्ट १९१७ रोजी बेल्जियममध्ये जखमी शिपायांपाशी असताना तोफगोळ्याने मारले गेले. त्यांचा देह मिळालाच नाही. नाव तेवढे टाईन कॉटच्या भिंतीवर आहे. २०२२ साली मीथ धर्मप्रांतात त्यांच्या संतपदाची प्रक्रिया सुरू झाली.

या पलटणीचे पावणेपाच हजारांच्या आसपास लोक त्या युद्धात गेले. तरीही त्यांचा विसर पडला, आणि त्याचे कारण एप्रिल १९१६ च्या एका आठवड्यात आहे. ईस्टरनंतरच्या सोमवारी डब्लिनमध्ये स्वातंत्र्यासाठी उठाव झाला. फ्रान्समध्ये हुलुक येथे २७ आणि २९ एप्रिलला जर्मनांनी विषारी वायू सोडला व खंदकांतील डब्लिनकर गुदमरून मेले. आणि त्याच दिवसांत डब्लिनच्या रस्त्यांवर याच पलटणीची दहावी बटालियन स्वतःच्या गाववाल्यांवर बंदुका रोखून उभी होती. २९ तारखेला उठाव मोडला. पुढे त्याच्या पुढाऱ्यांना गोळ्या घालण्यात आल्या आणि सारा देश फिरला. पाठवणी होताना ज्यांच्यासाठी वाद्ये वाजली होती ते परतले, तेव्हा त्यांचा गणवेश परक्याचा झाला होता. सेंट स्टीफन्स ग्रीनच्या दाराशी १९०७ साली उभारलेली या पलटणीची कमान आहे. तिच्या पोटावर बोअर युद्धात मेलेल्या दोनशेहून अधिक जणांची नावे कोरली आहेत. तिला लोकांनी नाव ठेवले 'गद्दारांचे दार'.

१२ जून १९२२ रोजी विंडसरच्या राजवाड्यात दक्षिण आयर्लंडच्या पलटणींनी आपली निशाणे राजाच्या स्वाधीन केली आणि ३१ जुलैला त्या बरखास्त झाल्या. त्याच उन्हाळ्यात, ३० जूनला, यादवी युद्धात डब्लिनचे सरकारी दफ्तर जळाले. शतकांचे कागद राख होऊन शहरभर उडाले. कॅथॉलिक धर्मग्रामांच्या बाप्तिस्मा व विवाहाच्या नोंदवह्या बव्हंशी वाचल्या, कारण त्या दफ्तरात गेल्याच नव्हत्या. ज्या त्या चर्चच्या कपाटात होत्या. पुढे सप्टेंबर १९४० मध्ये लंडनवर बॉम्ब पडले, त्यांत शिपायांच्या सेवापुस्तिकांचा मोठा भाग जळाला. तेव्हा या माणसांचा इतिहास राहिला तो बिस्किटांच्या डब्यांत. स्टिलॉर्गन येथील मोनिका रॉबर्ट्स ही तरुणी मैत्रिणींना घेऊन या शिपायांना तंबाखू, चॉकलेट असले जिन्नस पाठवीत असे आणि शिपाई आभाराची पत्रे लिहीत. ती पत्रे तिने जपली. १९९६ साली डब्लिनमध्ये पलटणीच्या स्मृतीसाठी एक संस्था निघाली, तिच्या संग्रहातून ती पीअर्स स्ट्रीटच्या शहर ग्रंथालयात आली आणि आज कोणालाही वाचता येतात. लटियन्सने आखलेले आयलंडब्रिजचे स्मारकोद्यान तर १९३९ च्या सुमारास तयार होऊनही उद्घाटनावाचून पडून राहिले, ओसाड झाले आणि दुरुस्तीनंतर १९८८ साली त्याचे समर्पण झाले.

आता एक गोष्ट कबूल केली पाहिजे. डब्लिनच्या त्या बाईंसमोर मी गप्प बसलो, त्यामागे अज्ञानाखेरीज आणखीही काही होते. त्याच्या तीन वर्षे आधी मी एका जुन्या चर्चमध्ये प्रमुख धर्मगुरू होतो. चर्चची फरशी उखडली होती, पावसाळ्यात ओल येई. पॅरिश कौन्सिलने चकचकीत लाद्या ठरवल्या, मीही मान डोलावली. जुन्या फरशीत थडग्यांचे दगड होते, अक्षरे झिजलेली, काही पोर्तुगीज, काही मराठी. कंत्राटदाराने विचारले, "फादर, ह्यांचे काय करू?" मी कसल्याशा मीटिंगच्या घाईत होतो. म्हणालो, "तुम्हांला ठीक वाटेल ते करा." त्याने ते फोडून सभागृहाच्या जोत्यात भराव म्हणून घातले. महिन्याभराने एक वृद्ध धर्मग्रामस्थ मिस्सेनंतर थांबले. "फादर, माझ्या पणजोबांचा दगड वेदीच्या डाव्या अंगाला होता. कुठे हलवला तुम्ही?" ते रागावले नव्हते. दगड कुठेतरी नीट ठेवला असणार, असा त्यांचा विश्वास होता.

मायदेशी परतल्यावर मी त्या चर्चच्या नव्या धर्मगुरूंची परवानगी घेऊन जुन्या दफन-नोंदवह्या उतरवून काढायला बसलो. मराठी शाळेतून निवृत्त झालेले एक शिक्षक मदतीला येत. पहिल्याच वर्षी २ नोव्हेंबरला, सर्व मृत भाविकांच्या मिस्सेत, आम्ही उतरवलेली नावे वेदीवरून वाचली आणि शेवटी मी डब्लिनच्या त्या शिपायांसाठीही प्रार्थना केली. सॅक्रिस्टीत गुरुजी माझी वाट पाहत होते.

"फादर, या पलटणीच्या मानचिन्हांत 'खडकी' आहे. ५ नोव्हेंबर १८१७. त्या दिवशी ती पेशव्यांच्या फौजेवर चालून गेली आणि पंधरवड्यात पुणे गेले. त्यांच्यासाठी आपण मिस्सा करायची?"

गुरुजींचे खरे होते. बॉम्बे युरोपियन रेजिमेंट खडकीला होती, आणि 'खडकी' हे नाव ती डब्लिनपर्यंत घेऊन गेली. मी म्हणालो, "गुरुजी, मृतांसाठी प्रार्थना हे प्रशस्तिपत्र नव्हे. उलट, निर्दोष माणसाला तिची गरज कमीच." ते हसले, पण त्यांचे समाधान झाले नाही, आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर माझेही पुरते झाले नाही. पलटणीचे ब्रीदवाक्य मला पुन्हा आठवले. त्यातले क्रियापद कर्मणी आहे: पारख करणारे दुसरे. त्या दुसऱ्यांत खडकीचे मावळेही आले आणि डब्लिनचे बंडखोरही. आयर्लंडमधील मंडळींनी अखेर स्मारके दुरुस्त केली ती कमानीचे टोपणनाव पुसून नव्हे. लोक ते आजही सांगतात. तसे करावे, असे मी गुरुजींना सुचवले. पुढल्या वर्षापासून यादीत 'खडकीच्या रणात दोन्ही बाजूंना पडलेले' अशी ओळ त्यांनीच स्वतःच्या सुवाच्य अक्षरात घातली.

एकदा आम्ही दोघे पुण्याला गेलो असताना खडकीच्या युद्धदफनभूमीत गेलो. तिथे पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानात मेलेल्या अठराशेहून अधिक सैनिकांची नावे एका स्मारकावर आहेत. हे लोक तिथे पुरलेले नाहीत. देशभर विखुरलेल्या ज्या दफनभूमींत ते होते, तेथील थडग्यांची निगा राखणे अशक्य झाले, म्हणून नावे तेवढी एकत्र आणली. गुरुजी बराच वेळ ओळी वाचत उभे होते. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "दगड गेला तरी असे करता येते तर."

डब्लिनच्या बाईंना मी सविस्तर पत्र लिहिले होते: अंजदीव, मुंबई, वाघ, हत्ती, सगळे. उत्तर त्यांच्या मुलीकडून आले. पत्र पोहोचले तेव्हा आई इस्पितळात होती, मुलीने ते तिला दोनदा वाचून दाखवले. बिल्ला आता डब्यात नाही, तसबिरीशेजारी टांगला आहे.

आमच्या नोंदवह्यांतून आजवर अकराशे नावे उतरवून झाली. त्या वृद्ध गृहस्थांच्या पणजोबांचे नाव अजून सापडलेले नाही. त्यांच्या अंदाजाने मृत्यू १८७० नंतर चार-पाच वर्षांतला असावा, आणि नेमकी तिथली पाने वाळवीने खाल्ली आहेत. ते स्वतः तीन वर्षांपूर्वी वारले. त्यांचा मुलगा दर रविवारी मिस्सेनंतर नोंदवहीच्या खोलीत डोकावतो आणि विचारतो, "फादर, काही लागले का हाताला?"